भाड्यात धरलेला किल्ला

नासमध्ये मला खोली मिळाली ती किल्ल्यासकट.

आयर्लंडमध्ये भाड्याची जागा शोधणं काय असतं, ते ज्याने शोधली त्यालाच माहीत. औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, व्हिसा झाला, विमानातून उतरलो आणि राहायला जागा नाही, अशा अवस्थेत मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तोंड पाडून बसलो होतो. समोर एक बुटके, काटक गृहस्थ डबा घेऊन येऊन बसले. डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाले, "मराठी दिसता." मी मान डोलावली. "गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, चांगले आहेत. "मग आमच्याकडे लहान खोली रिकामी आहे. रविवारी सकाळी बूट घालून तयार राहायचं. भाड्यात किल्ला धरलेला आहे."

मला वाटलं, विनोद करताहेत. पुढे तीन वर्षं त्यांच्या घरात राहिलो, पण त्या गृहस्थांनी विनोद केल्याचं मला आठवत नाही. विनोद इतरांनी करायचे असत, त्यांच्यावर, आणि त्यांच्या माघारी.

कारखान्यात ते क्वालिटी विभागात होते. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल केसभर तिरकं असलं तरी अख्खा माल अडवून ठेवणारा माणूस. पण आमच्या मराठी मंडळीत त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. सगळे किल्लेदार म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं, कारण कधी कोणी चुकून तोंडावर म्हणालं, तर ते टोपी नीट करत.

आयर्लंडमध्ये पावलोपावली दगडी कॅसल आहेत. किल्लेदारांना ते मान्य नव्हते. "ज्या किल्ल्यात चहाबरोबर स्कोन मिळतो तो किल्ला नव्हे, बंगला," असं त्यांचं मत होतं. तिकीट काढून चढायचं, कठडा धरून उतरायचं आणि शेवटी दुकानातून बाहेर पडायचं, या प्रकाराचा त्यांना संताप यायचा. त्यांना स्वतःला शोधून काढलेला किल्ला हवा होता. तो त्यांना नासच्या बाहेर, एका खेड्यात, चर्चच्या मागच्या शेतात सापडला होता.

पहिल्या रविवारी मी बूट घालून तयार राहिलो. किल्लेदारांच्या खांद्यावर दोर, गळ्यात शिट्टी, पाठीवर सॅक, खिशात गूळ-शेंगदाणे. गाडी शेताच्या गेटाशी लावली. समोर हिरवं कुरण, त्यात मेंढ्या आणि कुरणाच्या टोकाला गवताने माखलेला एक उंचवटा. दुमजली घराएवढा असेल. माथा सपाट, भोवती उथळ चर. माथ्यावर एकच काटेरी झाड, वाऱ्याने एका बाजूला कललेलं. मी किल्ला शोधत क्षितिजाकडे बघत होतो.

"पायथ्याशी सूचना ऐकून घ्या," किल्लेदार म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. आम्ही दोघंच होतो.

सूचना चढाईपेक्षा जास्त वेळ चालल्या. नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले, त्यांनी भोवती खंदक खणला, खंदकातली माती मध्ये रचली, त्या मातीवर लाकडी बुरूज उभा केला. बुरूज केव्हाच कुजून गेला, माती तेवढी राहिली. इथवर सगळं खरं होतं, त्यांनी ते चांगलं वाचून काढलं होतं. त्यानंतर मात्र त्यांच्यातला किल्लेदार जागा व्हायचा. मधला उंचवटा हा बालेकिल्ला. पुढचं कुरण ही माची. मेंढ्यांना पाणी पाजायची टाकी हे गडावरचं टाकं. "इथे महादरवाजा होता असं समजा. इथे पहारेकरी उभा आहे असं समजा. आता त्याने आपल्याला हटकलं असं समजा." त्या एका शब्दावर तो किल्ला उभा होता. लाकूड नाही, दगड नाही, भिंत नाही, नुसतं समजा.

डब्लिनच्या सँट्री भागातून एकदा एक नवं जोडपं आलं. दोघांचे बूट नवे, काठ्या नव्या, पाठीला पाण्याच्या नळ्या लावलेल्या. माथ्यावर उभं राहून त्या मुलीने विचारलं, "काका, किल्ला अजून किती लांब आहे?" किल्लेदारांनी तिला शांतपणे गूळ-शेंगदाणे दिले. परत येताना गाडीत म्हणाले, "पुढच्या पिढीची कल्पनाशक्ती फोनने खाल्ली." त्यांची स्वतःची पुढची पिढी, सई, मागच्या सीटवर बसली होती. ती दहा वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इथल्या, किल्डेअर परगण्याच्या, इंग्रजीत यायचं. "इट्स अ हिल, बाबा," ती म्हणाली. "इट्स अ ग्रँड लिटल हिल, बट इट्स अ हिल."

वहिनी नासच्या इस्पितळात डॉक्टर होत्या. त्या कधीच यायच्या नाहीत. "लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी मला गडावर नेलं. तेव्हापासून मी रविवारची ड्यूटी मागून घेते," असं त्या सांगत.

किल्लेदारांचा दुसरा हट्ट भाषेचा. आम्ही सगळे 'शिफ्ट मॅनेज करून येतो' जातीचं मराठी बोलणारे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तेही आमच्या तोंडी बसलेलं. मी एकदा वहिनींना म्हटलं, "कप प्रेसमध्ये ठेवलेत." किल्लेदार वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "फडताळात." ते फडताळ चपट्या खोक्यातून आणून त्यांनी स्वतः जोडलं होतं आणि त्याचं एक दार कायम उघडं राहायचं, पण ते फडताळ होतं. त्यांचं मराठी असं घडी घातलेलं, परीटघडीचं. मूळचे कुठले विचारलं की "पुण्याचे" म्हणत. त्याआधीचे कुठले विचारलं की हवामानाबद्दल बोलत. फक्त मासे खायला बसले की शंका यायची. बांगड्याचा काटा ते असा काही सोलून ठेवत की मी नाशिककर बघत राहायचो. एवढं कसब पुण्यात शिकवत नाहीत.

शेत नोएलचं होतं. नोएल सत्तरीचा, एकटा, डोक्यावर कायम टोपी. रविवारी आम्ही पोचलो की तो गेटावर हात टेकून उभा असायचा. तो मेंढ्यांच्या खुरांबद्दल बोलायचा, किल्लेदार नॉर्मनांच्या तटबंदीबद्दल. दोघंही एकमेकांचं ऐकत नसत, आणि त्यामुळे त्यांची फार चांगली मैत्री होती. नोएलला चकल्या जात, नोएलकडून अंडी येत. त्याने एवढ्या वर्षांत या माणसाला कधी विचारलं नव्हतं की बाबा रे, दोर कशाला आणतोस.

एक गोष्ट मात्र तो म्हणाला होता. मी स्वतः ऐकली होती. पहिल्या महिन्यातच केव्हातरी, गेट उघडताना, माथ्यावरच्या झाडाकडे न बघता नोएल म्हणाला, "मी असतो तर त्या झुडपाच्या फारसं वाटेला गेलो नसतो."

"काळजी नको," किल्लेदार म्हणाले. "माझ्याकडे हातमोजे आहेत."

नोएलने थोडा विचार केला आणि म्हणाला, "ग्रँड."

या देशात ग्रँड या शब्दाने हो, नाही, पुरे, मरू दे आणि देव तुझं भलं करो एवढं सगळं सांगता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलेलं नव्हतं.

मग आली मोहीम. आपल्याकडे रविवारी पोरं गडावर जातात, झाडोरा काढतात, पायऱ्या मोकळ्या करतात, प्लास्टिक गोळा करून खाली आणतात, हे चांगलंच काम आहे. किल्लेदार तरुणपणी त्यात राबलेले होते. परदेशात आलो म्हणून गडसंवर्धन सोडायचं का, असं त्यांच्या मनाने घेतलं. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. सँडीफोर्डच्या ऑफिसांतली आयटीवाली मंडळी आधी लुआस ट्रॅमने, मग बसने आली. सँट्रीचं ते जोडपंही आलं, तेच बूट घालून. सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट वाटले. मे महिना होता, ऊन पडलं होतं, आणि आयर्लंडमध्ये ऊन पडलं की माणसाला कशासाठीही घराबाहेर काढता येतं.

अडचण एवढीच झाली की गडावर काम नव्हतं. कचरा शोधला तर चिप्सचं एक रिकामं पाकीट सापडलं. त्याचे आधी आणि नंतर असे फोटो काढून झाले. पायऱ्या नव्हत्याच, तेव्हा मोकळ्या काय करणार? गवत मेंढ्या खात होत्या, आणि आमच्यापेक्षा नीट खात होत्या. एवढी माणसं डब्लिनहून आलेली, हातात करवती आणि कोयते, आणि किल्लेदारांच्या चेहऱ्यावर लग्नात जेवण कमी पडल्यावर वधूपित्याच्या चेहऱ्यावर असतात ते भाव. त्यांनी वर पाहिलं. माथ्यावर ते काटेरी झाड पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून गेलं होतं.

"बुरुजावर वाढलेलं झाड हा बुरुजाचा शत्रू," किल्लेदार म्हणाले. "मुळं चिऱ्यांत शिरतात, भिंत फोडतात. आपल्याकडे किती तट असे गेलेत."

ते खरं होतं. आपल्याकडे पिंपळाने आणि वडाने अशा कितीतरी भिंती उभ्या फाडल्या आहेत. फक्त इथे भिंत नव्हती. मी तसं म्हणालोही. "समजा," किल्लेदार म्हणाले.

आधी सगळ्यांनी त्या फुलांबरोबर सेल्फी काढले. मग झाड कापलं. फार वेळ लागला नाही, झाड म्हातारं आणि बारीक होतं. किल्लेदारांनी बुंध्यावर पाय ठेवून फोटो काढून घेतला.

नोएल केव्हा येऊन उभा राहिला ते कोणाला कळलं नाही. तो माचीवर उभा होता, म्हणजे कुरणात. त्याने टोपी काढली. एवढ्या महिन्यांत मी त्याचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. आडव्या पडलेल्या झाडाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ओह." आणि मग, "राइट सो." टोपी घातली आणि गेला. किल्लेदार मागून ओरडले, "नो चार्ज, नोएल."

पुढच्या रविवारी गेटाला साखळी होती आणि साखळीला कुलूप.

हा उलगडा वहिनींनी इस्पितळातून आणला. वॉर्डातली सिस्टर त्याच खेड्यातली. तिने सांगितलं की ते झाड नोएलचं नव्हतं, कोणाचंच नव्हतं. ते त्या मंडळींचं होतं. उंचवट्याच्या आत राहतात ती, डोळ्यांना न दिसणारी मंडळी. नोएलच्या बापाने त्या झाडापासून ट्रॅक्टर लांब ठेवला, आजोबाने नांगर लांब ठेवला. गावात सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून कोणी ते बोलत नाही. "ती मंडळी म्हणताना सिस्टरने आवाज खाली केला," वहिनी म्हणाल्या. "हीच बाई काल एका कन्सल्टंटला वॉर्डभर ऐकू जाईल असं झापत होती."

"आत कोणी राहत नाही," किल्लेदार म्हणाले. "आत माती आहे. खंदकातली."

त्यांनी नर्सरीतून काटेरी झाडाची रोपं आणली, गाडीत घातली आणि नोएलच्या घरी गेले. मीही गेलो. नोएलने आम्हाला आत बसवलं. चहा दिला, केक दिला, पाऊस येईल का ते सांगितलं. रोपं बघून म्हणाला, "छान आहेत." किल्लेदारांनी गेटाचं विचारलं. नोएल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वी'ल सी."

घरी आल्यावर किल्लेदार उत्साहात होते. "रागावलेला अजिबात नाही. केक दिला. बघू म्हणाला."

वहिनी इस्त्री करत होत्या. "तुम्ही मराठी माणूस असून 'बघू'चा अर्थ मी सांगू?" त्या म्हणाल्या. किल्लेदार खाली बसले.

त्यानंतरचे रविवार मला नीट आठवतात, कारण त्या घरात एक मोठा माणूस लहान होत गेलेला मी पाहिला. सकाळी ते सवयीने उठायचे, बूट घालायचे आणि स्वयंपाकघरात बसून राहायचे. फडताळाचं दार नीट करायला घ्यायचे, ते आणखी बिघडायचं. गावातल्या दुकानातली बाई पूर्वी त्यांच्याशी ढीगभर बोलायची, ती आता सामान देऊन थँक यू म्हणू लागली. एकदा कामावरून येताना त्यांनी गाडी त्या रस्त्याला घातली आणि कुंपणापाशी थांबवली. खाली उतरले नाहीत. काच खाली करून त्या बोडक्या उंचवट्याकडे बघत राहिले. मी इतके दिवस त्यांची टिंगल करत आलो होतो. त्या दिवशी मला त्यांचं वाईट वाटलं. या माणसाला इथे दुसरं काहीच नव्हतं. कारखान्यात लेबलं, घरात इंग्रजी बोलणारी लेक, आणि आठवड्यातून एकदा तो मातीचा ढीग. तोही गेला.

जुलैत त्यांच्या आई आल्या. "आई पुण्याहून येतेय," असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. विमानतळावर म्हातारी ढकलगाडीच्या मागून बाहेर आली, लेकाला पाहून थांबली आणि म्हणाली, "अरे झिला, किती वाळलंस रे तू. हयसर तुका कोण खाऊक घालीत नाय काय?"

मी किल्लेदारांकडे पाहिलं. ते ट्रॉलीकडे बघत होते. "प्रवास कसा झाला, आई?" त्यांनी परीटघडीच्या मराठीत विचारलं. कुडाळजवळचं गाव निघालं. बांगड्याचा उलगडा झाला.

झाडाची हकीकत आजीला सईने सांगितली. नातीने इंग्रजीत सांगितली, आजीने मालवणीत प्रश्न विचारले, आणि दोघींना सगळं कळलं. मग आजीने लेकाला समोर बसवलं.

"त्या जाग्यार कोण नांगर घालीत नाय?"

"नाही."

"झाडाक कोण हात लायत नाय?"

"नाही, पण आई..."

"मगे ता राखणदाराचा झाड. तू राखणदाराचा झाड तोडलंस? तुका मी ह्याच शिकयलंय?"

"आई, तो नॉर्मन लोकांनी रचलेला मातीचा किल्ला आहे. देवस्थान नाही."

"इंग्रजाचो देव असलो म्हणान काय झाला?"

"इंग्रज नाही गं. आयरिश."

"कोणाचो असांदे. नारळ घेवन जाया. गाऱ्हाणा घाल, चूक कबूल कर."

किल्लेदार उठून उभे राहिले. आपण विज्ञानाचे पदवीधर आहोत, गाऱ्हाण्याने कुलपं उघडत नाहीत, आणि नोएल कॅथलिक आहे, असं त्यांनी तीन मुद्द्यांत सांगितलं. आजीने ऐकून घेतलं. "बरा," ती म्हणाली. "तुज्या विज्ञानान गेट उघडून घे. मी हयसर बसान रवतंय."

रविवारी आम्ही निघालो. वहिनींनी पहिल्यांदाच ड्यूटी बदलून घेतली होती. "हे चुकवून चालणार नाही," त्या म्हणाल्या. आजीने नऊवारीवर लेकाचं जाकीट घातलं होतं आणि पायात सईचे बूट. नारळ एशियन दुकानातला, कानाशी हलवून घेतलेला.

नोएल दारात आला. आजीने त्याला नमस्कार केला, उंचवट्याकडे बोट दाखवलं, मग लेकाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. नोएलने तिच्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. तो आत गेला आणि किल्ली घेऊन आला. आम्ही दोन महिने जे इंग्रजीत मागत होतो, ते तिने न बोलता मिळवलं. पण नोएलने गेट आपल्या मागे पुन्हा लावून घेतलं, हेही मी पाहिलं. आम्हाला आत घेतलं होतं ते तिच्यासाठी, त्या दिवसापुरतं.

माथ्यावर बुंधा होता. आजीने त्याच्याशी नारळ ठेवला, उदबत्ती लावली, ती वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. "घाल गाऱ्हाणा," ती म्हणाली.

"तूच घाल."

"पुरुषान घालूचा असता. आणि तोडलंस तू."

किल्लेदारांनी घसा साफ केला. "या ठिकाणी," ते म्हणाले, "अनवधानाने घडलेल्या घटनेबद्दल आम्ही सर्वजण मनःपूर्वक दिलगिरी..."

"देवाक भाषण नको," आजी म्हणाली.

वारा सुटला होता. नोएल टोपी हातात धरून उभा होता. सई बापाकडे बघत होती. मला वाटलं, आता ते पाठ फिरवून खाली उतरतील. मग त्यांनी बूट काढले, डोळे मिटले, आणि त्या माणसाच्या तोंडून मी कधी न ऐकलेला आवाज आला. उंच, लांबवलेला, गावच्या देवळात घुमावा तसा.

"बा ह्या टेकडेच्या धन्या म्हाराजाऽऽ..."

"व्हय म्हाराजा," आजी म्हणाली.

"तुजा नाव माका ठावक नाय म्हाराजा. तुका मी किल्लो म्हटलंय, बुरूज म्हटलंय, समजा समजा करून लोकांका वर चढवलंय. पण तू कोण, ता कधी इचारूक नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता आजीबरोबर सईही म्हणाली. मराठीत तिच्या तोंडून इतकं स्पष्ट काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"मी परक्या मुलखात इलंय म्हाराजा. हयसर माका कोण वळकीत नाय. माजी भाषा मी सोडलंय, माजो गाव सांगूक लाजलंय. म्हणान तुका माजो म्हणालंय, आणि माजो म्हणान तुज्या अंगाक कोयतो लायलंय म्हाराजा."

किल्लेदारांचा आवाज फुटला. वहिनी पुढे झाल्या, पण आजीने त्यांना हाताने थांबवलं.

"काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल रे म्हाराजा. ह्या नोएलच्या मेंढरांक सुखी ठेव. त्येचो माज्यावर राग नको ऱ्हवांदे. आणि ह्या गेट... ह्या गेट उघडा कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," असं आम्ही सगळे म्हणालो, आणि आमच्या मागून, थोडा उशिरा, एक जाड किल्डेअरी आवाज तेच म्हणाला. नोएलला एक अक्षर कळलं नव्हतं. पण कुठे काय म्हणायचं ते त्याला बरोबर कळलं होतं, कारण आयुष्यभर तो चर्चमध्ये तेच करत आला होता.

नारळ पाण्याच्या टाकीवर फोडला. आजीने पहिला तुकडा नोएलला दिला. तो त्याने करवंटीसकट चावायचा प्रयत्न केला. उतरताना किल्लेदार त्याच्याजवळ गेले. काहीतरी म्हणणार होते, पण नोएल आधी बोलला. "माझे वडील म्हणायचे, वर जायचं तर आधी विचारावं. कोणी विचारत नाही आता." मग किल्ली खिशात टाकत म्हणाला, "तू विचारलंस. ग्रँड."

साखळी त्याने काढून घरी नेली.

त्यानंतर किल्लेदारांनी दोर आणि शिट्टी आणली नाही. रविवारी गेटाशी उभं राहून ते आधी पुटपुटायचे, मग आत जायचे. नोएल बाजूला टोपी काढून उभा राहायचा. नव्या लोकांना ते नॉर्मन, खंदक वगैरे सांगत, पण 'समजा' म्हणणं सोडलं. मी एकदा घरात म्हटलं, "कप फडताळात ठेवलेत." ते म्हणाले, "ठेव रे खंय ता." दोन वर्षांनी गावी आजी आजारी पडली. किल्लेदारांनी गाशा गुंडाळला आणि सगळे कुडाळला गेले. तिथे जवळपास चांगले गड आहेत, पण ते कुठे चढत नाहीत असं वहिनी सांगतात. देवळात गाऱ्हाणं घालायला मात्र त्यांना बोलावतात.

मी आता सँडीफोर्डला राहतो. या मे महिन्यात ऑफिसातल्या एका नव्या मुलाला घेऊन मी तिकडे गेलो. आकुर्डीचा मुलगा, ट्रेकिंगची आवड. रस्त्यात मी त्याला किल्ला म्हणून सांगितलं होतं, आता तो क्षितिजाकडे बघत होता. माथ्यावर तोडलेल्या बुंध्यातून फुटवे वर आले होते, गुडघाभर, आणि त्यांच्यावर थोडी पांढरी फुलंही होती.

नोएल गेटाशी होता. थकला आहे, काठी घेतो. त्याने किल्लेदारांची चौकशी केली. आई गेली हे सांगितलं तेव्हा छातीवर क्रूसाची खूण केली. मी गेटाच्या कडीला हात घातला. नोएलने काठी आडवी धरली.

तो टोपी काढून माझ्याकडे बघत राहिला.

मी नाशिकचा. मला गाऱ्हाणं येत नाही. एवढे रविवार शेजारी उभा राहिलो, ऐकलं, हसलो, पण पाठ केलं नाही. त्या नव्या मुलाला वाटलं असेल, तिकीट काढायचं राहिलं. मी घसा साफ केला. पहिला शब्द शुद्ध निघाला आणि तो इतका हास्यास्पद वाटला की मी थांबलो. मग डोळे मिटले, आणि किल्लेदार लांबवायचे तसा लांबवून म्हणालो, "बा म्हाराजाऽऽ... माका काय येत नाय."

मी पुढचं आठवायच्या आतच काठी बाजूला झाली.

"व्हय म्हाराजा," नोएल म्हणाला, आणि त्याने गेट उघडलं.